मैदानाची सावड

कोपरीत त्या काळी फुटबॉल खेळायला दोन गोष्टी लागत. एक चामड्याचा चेंडू, आणि दुसरी म्हणजे गाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेला माणूस. खेळायची जागा आगगाडीच्या रुळांना इतकी लागून होती की जोराने मारलेला चेंडू हमखास रुळांपलीकडे जाई, आणि पुढची गाडी यायच्या आत तो आणावा लागे. हे काम दौलतचे. दौलत मूळचा साताऱ्याकडचा, ठाण्याच्या स्टेशनात रुळांचे सांधे बदलायच्या नोकरीवर होता. कल्याणला गोरे ड्रायव्हर फावल्या वेळी फुटबॉल खेळत, ते बघून त्याने हा खेळ उचलला आणि कोपरीच्या पोरांना शिकवला.

ही गोष्ट अठराशे नव्वदनंतरच्या दोन-चार वर्षांतली. फुटबॉल म्हणजे काय, हे तेव्हा ठाण्यात फार थोड्यांना ठाऊक होते. कोपरीत मात्र सगळ्यांना ठाऊक होते, कारण खेळणारी पोरे त्यांचीच होती. ती अनवाणी खेळत. मिठागरात राबून त्यांच्या टाचा अशा झाल्या होत्या की बूट घातलेला गडीसुद्धा त्यांच्या पायाला पाय लावताना विचार करी. बघायला सगळे गाव लोटे. डोक्यावरच्या मिठाच्या पाट्या उतरवून बाया तशाच येत, रुळांच्या भरावावर ओळीने बसत आणि कोणी चुकले की त्याचा उद्धार करत. यात सगुणेचा आवाज सगळ्यांत वरचा. तिचा मुलगा गणू पुढे खेळे. गोल झाला तर तो तिच्या पोराने केला आणि हुकला तर चेंडूच वाकडा होता, असा तिचा साधा न्याय होता.

त्या वर्षी पौषात दौलतला स्टेशनात कळले की त्या जागेवर रेल्वे आणखी रूळ टाकणार आहे. यात दोष कोणाचा नव्हता. जागा रेल्वेचीच होती, आजवर खेळू दिले हेच पुष्कळ. पण अडचण मोठी होती. कल्याणच्या इंजिनशेडमधल्या मंडळीशी कोपरीचा वर्षाला एक सामना असे, एक वर्ष तिकडे आणि एक वर्ष इकडे. यंदा रंगपंचमीला तो कोपरीत व्हायचा होता. कोपरीला मैदानच नसेल तर तो दर वर्षी कल्याणलाच होणार. अकरा पोरे कशीबशी गाडीने जातील, पण सगळ्या गावाचे भाडे कोण भरणार? म्हणजे मैदान झाले नाही, तर आपली पोरे खेळताना कोपरीला पुन्हा दिसणार नव्हती. दौलतच्या जिवाला तेच लागून राहिले.

जागा मिळाली, ती म्हातारबाबा भिवाकडून. खाडीकडेला त्याचे एक मिठागर होते. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याचा बांध फुटला, आणि आता ते नव्याने उभे करायची ताकद भिवात उरली नव्हती. तो म्हणाला, मीठ पिकत नाही तर निदान पोरे खेळू देत. पण जागा म्हणजे मैदान नव्हे. बांध दुरुस्त करायचा होता, खड्डे बुजवायला गाड्याच्या गाड्या माती हवी होती, आणि माणसे बसतील अशी सोय हवी होती. हे सगळे करायला लागणारा पैसा कोपरीने कधी एकत्र पाहिला नव्हता.

गावदेवीच्या देवळासमोर बैठक बसली. ज्याला जे सुचले ते त्याने सांगितले. कोणी म्हणाले वर्गणी काढा, पण वर्गणी द्यायची म्हटल्यावर बोलणाऱ्याचाच आवाज बारीक झाला. कोणी म्हणाले साहेबाला अर्ज करा. कोलशेतचा काळुराम, ज्याचा खाडीत पडाव, म्हणजे माल वाहायचे मोठे होडके, चाले आणि जो सामना बघायला तिथून चालत येई, म्हणाला की तो आपला बोकड विकेल. त्याच्या बायकोला विचारले आहे का, असे कोणीतरी विचारल्यावर त्याने बोकडाचे नाव पुन्हा काढले नाही.

मग गुरुदत्तशेठ बोलले. शेठ गवताचे ठेकेदार होते. खाडीकाठचे गवत कापून मुंबईच्या तबेल्यांना पाठवत. माणूस वाईट नव्हता, बोलणे सरळ. मातीचा, गाड्यांचा, मजुरीचा सगळा खर्च ते करणार. त्या बदल्यात बारा वर्षे मैदानाभोवती त्यांची कनात राहील.

"कनात म्हंजे काय करनार?" सगुणेने मागून विचारले.

"भोवती कापड लावायचे, बाई. एक दार ठेवायचे. माणशी दोन पैसे देऊन आत यायचे."

"मंग माझे पोऱ्याला बगाला मी दोन पैसं देऊ?"

"सगळेच देतील."

"मी त्याला जलम दिला तवा मना कोनी पैसं दिलं नाय."

बैठक हसली. शेठही हसले. मग म्हणाले, "हसा तुम्ही. पण माती आणायला पैसा लागतो की नाही, तेवढे सांगा." शेठचे बोलणे मोडून काढण्यासारखे नव्हतेच. दौलतने विचाराला थोडे दिवस मागितले आणि शेठनी ते दिले.

दुसऱ्या दिवशी दौलत कामावर होता. मिठाची पाटी घेऊन निघालेली सगुणा फाटकापाशी थांबली. पाटी खाली न ठेवताच तिने विचारले, "दौलतदादा, मिठाच्या खारात बांध फुटला म्हंजे कोन पैसं मोजतो?"

दौलतला ठाऊक होते, कोणी मोजत नाही. बांध फुटला की शेजारपाजारची सगळी घरे धावतात, कारण भरती कोणासाठी थांबत नाही. आज माझ्या बांधावर तू आलास, उद्या तुझ्या बांधावर मी येईन. याला सावड म्हणतात. नांगरणीला, लावणीला, घर शाकारायलाही सावड चाले. तिला वही नसते, ज्याच्या त्याच्या घराला ती पाठ असते. दौलतच्या गावाकडे असेच काहीसे करत, त्याला इर्जिक म्हणत.

पण तो शिकवणारा माणूस, अडचण त्याला आधी दिसली. "सगुणाबाई, बांध कुणाच्या तरी घरचा असतो. फेड ते घर करतं. मैदानाला घर कुठं आहे? फेडणार कोण?"

सगुणेने जरा विचार केला. "खेळनारी अकरा पोरं हायत ना? ती फेडतील," ती म्हणाली आणि चालू लागली.

दौलतने शेठना जाऊन सांगितले की आधी हे करून बघतो. शेठ रागावले नाहीत. म्हणाले, "बघा. माझ्या गाड्या कुठे पळून जात नाहीत."

कामाला सुरुवात झाली आणि सगळी कोपरी लोटली. पहाटे मिठागरात काम, ते आटोपले की मैदानावर. पुरुषांनी बांध उचलला, बायांनी माती वाहिली. बांधाचा आतला उतार कुदळीने कापून पायऱ्या केल्या, म्हणजे एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याला दिसेल. खाडीचे पाणी आतबाहेर करायला बांधात लाकडी दाराची उघाडी असते, तिचे जुने दार ठोकून बसवले. मग जमीन पक्की करायचे काम निघाले. हे काम कोपरीला सांगावे लागत नाही. माती शिंपून मऊ करायची, बायापुरुषांनी एकमेकांच्या कमरेत हात घालून रांग धरायची आणि टाचा आपटत सरकत जायचे. ढोलकी घुमते, कोणी गाणे धरते, म्हातारी माणसेसुद्धा रांगेत शिरतात. भिवा मधे उभा राहून कुठे उंच राहिले, कुठे खोल गेले ते सांगत होता. शेवटी जमीन अशी झाली की हात फिरवावा तर पाटासारखी सपाट.

गाव खूश होते. पण दौलतचे लक्ष पोरांकडे होते, कारण सावडीची फेड सुरू झाली होती. मिठाचा हंगाम भरात, प्रत्येक घराला हात हवेच होते. ज्याने मैदानावर एक दिवस दिला त्याच्याकडे एक दिवस द्यायचा, आणि देणारे होते सगळे गाव. पोरे उजाडताच कोणाच्या ना कोणाच्या मिठागरात उतरत. संध्याकाळी सरावाला येत ती पाय ओढत. गणू तर काळुरामच्या पडावातला माल उतरवायला कोलशेतला जाऊन येई. एकदा तो गोलासमोर चेंडू पायात घेऊन उभाच राहिला. मारायचे त्राण नव्हते.

बघ्यांना ते दिसत होते. काळुरामने गणूला बाजूला घेऊन सांगितले की तू येऊ नकोस, तुझी फेड मी सोडली. हे सगुणेला कळले तेव्हा ती तरातरा काळुरामकडे गेली आणि त्याला चार माणसांत म्हणाली, "सोडली म्हंजे? आमी काय भीक मागितलेली? सावड खाऊन बसनाऱ्या घरची नाय मी." काळुरामने आपले बोलणे मागे घेतले. सावड माफ करणे म्हणजे त्या घराला हलके लेखणे, हे त्यालाही कळत होते. गणू दुसऱ्या दिवशी कोलशेतला गेला. मैदान होत होते, पण त्यावर खेळणारे पाय संपत चालले होते.

आणि मग माघी पौर्णिमेचे उधाण आले. उघाडीचे जुने दार त्या जोरापुढे टिकले नाही. सकाळी माणसे बांधावर गेली तेव्हा मैदानात पाणी भरले होते, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारखे. कुठे बोटभर कमी नाही, कुठे जास्त नाही. ओहोटीला उघाडीतून बरेच निघून गेले. पण उरलेले पाणी जागचे हलेना. वाहून जायला उतार नव्हता, मुरायला भेग नव्हती. दोन दिवस ऊन खाऊन ते तसेच चमकत राहिले.

भिवा पायरीवर बसून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "दौलत, आपन मिठागर बांदलाय रं."

मग तोच पुढे म्हणाला, "यंदा मीठ बाकी चांगला पिकंल."

आधी एक बाई हसली, मग सगळा बांध हसला. काय करणार? हातांना जे येत होते तेच हातांनी केले होते. पिढ्यान्‌पिढ्या पाणी धरून ठेवणारी जमीन करत आलेल्या माणसांनी मैदानही पाणी धरून ठेवणारे केले. आणि ते इतके उत्तम झाले होते की दोष तरी कशाला द्यावा?

हसून झाल्यावर मात्र हिशेब समोर उभा राहिला. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा उचलायला हवा होता, कडेने चर काढायला हवे होते. म्हणजे पुन्हा तेवढीच माती, पुन्हा तितकीच सावड, आणि फेडायला तीच अकरा पोरे. त्या संध्याकाळी गुरुदत्तशेठ येऊन मैदान बघून गेले. त्यांनी टोमणा मारला नाही. उलट म्हणाले की माझे बोलणे अजून कायम आहे, आणि आजवर ज्यांनी राबणूक केली त्यांची मजुरीही मी देईन, म्हणजे पोरे मोकळी होतील. दौलतला ते पटले. पोरांचे हाल त्याला बघवत नव्हते. तो म्हणाला, उद्या कल्याणला जाऊन येतो, मग सांगतो. सामना होणार नाही हे कल्याणवाल्यांना आपल्या तोंडाने सांगणे त्याला भाग होते.

कल्याणच्या मंडळीचा म्होरक्या महिपत. इंजिनशेडमध्ये फिटर होता, दौलतसारखा देशावरचाच. हात पुसत बाहेर आला आणि राखेच्या ढिगाऱ्याशी दोघे उभे राहिले. दौलतने सगळे सांगितले, मिठागराची गोष्टही सांगितली. महिपत हसेल असे त्याला वाटले होते. पण महिपत पुन्हा पुन्हा विचारत होता ते सावडीचे. कोण आले, किती घरे आली, बाया पण आल्या का.

"एवढं काय विचारतोस?" दौलत म्हणाला.

"आमचं मैदान तुला मोठं वाटतं ना? ते साहेबाचं आहे. परवा साहेबाची पाहुणी आली टेनिस खेळायला, तर आम्हाला अर्ध्या खेळातनं उठवलं. उद्या कायमचं उठवतील. आम्हालाही आपलं मैदान हवंय दौलत, अन आमच्याकडे पैसा तुमच्याहून जास्त नाही." मग त्याने पायाने तो ढिगारा ढोसला. "ही राख चालेल का तुमच्या भरावाला?"

इंजिनांची राख आणि जळून गोळा झालेले खंगर. रोज निघे, ठेवायला जागा नसे, आणि कोणी उचलून नेली तर फोरमन साहेब खूशच होई. पाणी तिच्यातून चाळणीसारखे निघून जाते, हे दौलतने रुळांखाली बघितले होते.

"फुकट देत नाही," महिपत म्हणाला. "माणसं पण आणतो. पण सगळं सावडीत. आमचं मैदान करू तेव्हा कोपरी आली पाहिजे."

दौलत परत आला तेव्हा त्याच्या मनात शेठ होते, महिपत होता, आणि सगळ्यांत मोठी धास्ती सगुणेची होती. कल्याणवाल्यांची मदत कोपरी घेईल का? बैठकीत त्याने सगळे सांगितले. माणसे एकमेकांकडे बघू लागली. सगुणेने कमरेला पदर खोचला. मग म्हणाली, "त्यांची सावड घेतली तर खेळताना त्यांना शिव्या कशा देनार मी?"

"सावडीत शिव्या चालत नाहीत असं कुठं आहे?" दौलत म्हणाला. "काळुरामला तुम्ही रोज देता."

यावर काळुराम सगळ्यांत मोठ्याने हसला. पण भिवाने खरा प्रश्न काढला. शेडची सगळी माणसे आली तर त्यांची फेड अकरा पोरांच्याने जन्मात होणार नाही.

"पोरांनी कशाला?" सगुणा म्हणाली. "सगला गाव जाईल. मी जाईन." आणि बोलता बोलता ती थांबली. तिच्या तोंडून निघालेली गोष्ट तिलाच नव्याने दिसली होती. "दौलतदादा, तू मना इचारलास ना, मैदानाला घर कुठं? कल्यानवाल्यांना सगला गाव फेडनार, तर मैदान सगल्या गावाच्या घरचा झाला. मंग आपल्याच घरात राबल्याची सावड कोन मोजतो? तुज्या घरात मोजतात?"

दौलतच्या घरात मोजत नसत. कोणाच्याच मोजत नसत. माफी नव्हती, मेहेरबानी नव्हती, रीत मोडली नव्हती. फक्त घर कोणाचे, ते आता ठरले होते. पोरांकडे येणे असलेली सगळी घरे बैठकीत होती, आणि त्यांतल्या एकानेही नाही म्हटले नाही. दुसऱ्या दिवशी गणू उन्हे वर येईतो झोपला आणि त्याच्या आईने त्याला उठवले नाही. शेठकडे नकार सांगायला दौलत स्वतः गेला. शेठ एवढेच म्हणाले की कनातीचे कापड अजून घेतले नव्हते ते बरे झाले.

राख आली ती खाडीने. काळुरामने पडाव कल्याणला नेला, त्याच्यामागे आणखी दोन गेले. ओहोटीबरोबर डोंबिवली, मुंब्रा मागे टाकत ते राखेने भरून कोपरीला लागले तेव्हा त्यांवरची माणसे नखशिखांत काळी झाली होती. महिपतचे लोक सुट्टीच्या दिवशी गाडीने आले, फावडी घेऊन. राख खाली, वर माती, मधे उंच आणि कडेला चर. तुडवायची वेळ आली तेव्हा भिवाने सगळ्यांना ओरडून सांगितले की या खेपेला टाचा जपून, पाणी जाऊ द्यायचे आहे. बूटवाल्यांनी बूट काढले. कोपरीच्या बायांनी त्यांना रांगेत कसे सरकायचे ते शिकवले. ते चुकत होते आणि बायांना त्याचा फार आनंद होत होता.

होळीच्या उधाणाला सगळे गाव बांधावर उभे होते. उघाडीचे नवे दार कण्हले, पण धरून राहिले. फटीतून जे पाणी आत आले ते चरांत उतरले, चरांतून कडेला जमले आणि ओहोटीला निमूट बाहेर गेले. भिवाने मधोमध जाऊन जमिनीला हात लावला आणि तो कोरडा हात वर करून दाखवला.

रंगपंचमीला सामना झाला. बांधाच्या पायऱ्या अशा भरल्या की उशिरा आलेल्यांना उघाडीवर बसावे लागले. खेळ काही फार चांगला झाला नाही. आदल्या दिवसापर्यंत दोन्हीकडचे गडी फावडी मारत होते, त्यामुळे बाविसांचेही पाय जड होते. कल्याणने एक गोल केला. गणूने शेवटी शेवटी एक फेडला, आणि सगुणेने महिपतला त्याच्या राखेसकट जे काय ऐकवायचे ते सगळे ऐकवले. सामना बरोबरीत सुटला.

गुरुदत्तशेठ वरच्या पायरीवर बसले होते. सवयीने त्यांची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत माणसे मोजत गेली. "दौलत," ते म्हणाले, "दोन पैशांनी आज किती झाले असते, सांगू?"

"नका सांगू, शेठ."

"नाही सांगत," शेठ म्हणाले आणि खेळाडूंसाठी ठेवलेल्या गुळाचा एक खडा त्यांनी तोंडात टाकला.

माणसे पांगू लागली तरी एक घोळका उघाडीपाशी उभाच होता. तिथे महिपत कल्याणच्या जागेबद्दल सांगत होता. माळ आहे, दगड आहे, बाभळीची खोडे काढावी लागतील. सगुणा कमरेवर हात ठेवून ऐकत होती. खोडे किती जाड आहेत ते तिने विचारले, पाणी किती लांबून आणावे लागेल ते विचारले. मग म्हणाली की माणसे चैत्रात येतील, मिठाचे काम जरा हलके झाले की, पण दुपारची भाकरी कल्याणवाल्यांनी घालायची आणि भाकरीबरोबर सुकट असली पाहिजे.

महिपतने सुकट कबूल केली.